कोच, थेरपिस्ट आणि पारसिकचा बोगदा

जून २०१८ मध्ये बाबा गेले. संध्याकाळची फास्ट लोकल ठाणं सोडत होती तेव्हा भावाचा फोन आला, "बाबांच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेतोय, ते तुझ्याशी बोलतायत." बाबा "हॅलो" म्हणाले आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. रेंज गेली. बोगदा जेमतेम सव्वा किलोमीटरचा, मिनिटभरात गाडी बाहेर यायची. बाहेर आल्यावर मी फोन लावत राहिले, पण तो कुणी उचलला नाही. डोंबिवलीला उतरून दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं.

तीन आठवड्यांनी त्याच बोगद्यात माझा श्वास अडकला. छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, वाटलं मीही आता जाणार. दुसऱ्या दिवसापासून मी स्लो लोकल धरली. ती कळवा-मुंब्र्यावरून जायची, तेव्हा फास्टसारखा बोगदा लागायचा नाही. रोजची वीस-पंचवीस मिनिटं जास्त गेली, पण ती मी आनंदाने दिली असती. त्रास तेवढ्यावर थांबला नाही. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जेवण नकोसं झालं. ऑफिसात एकच पॉलिसीची फाइल चार-चार वेळा वाचायचे.

ओळखीतल्या एकीने एका पर्सनल ग्रोथ कोचचं नाव सुचवलं. बारा सेशन, पैसे आधी. गृहस्थ बोलायला छान होते. त्यांनी माझ्याकडून पाच वर्षांची ध्येयं लिहून घेतली, कृतज्ञतेची वही करायला लावली. लोकलची भीती हा मी मनात धरून ठेवलेला नकारात्मक विचार आहे, असं ते सांगायचे. मी वही मनापासून भरली. आठवडा संपला की बरं वाटत नाही म्हणून अपराधी वाटायचं, आणि त्या अपराधीपणावर आणखी एक गृहपाठ मिळायचा. असे चार महिने गेले. त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. पण त्या चार महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नाही की झोप लागते का, भूक लागते का, जगणं नको असं वाटतं का. तेव्हा मला ते नको वाटत होतं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आता टेलिमानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. तो २०२२ साली सुरू झाला. तेव्हा माझ्याजवळ फक्त ती वही होती.

मार्ग दाखवला तो आमच्या फॅमिली डॉक्टरांनी. मी छातीत दुखतं म्हणून गेले होते. त्यांनी ईसीजी काढला, थायरॉइड तपासलं, दोन्ही नॉर्मल आलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "ताई, बाबांना जाऊन किती दिवस झाले?" आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

तिथे मला नऊ प्रश्नांचा कागद मिळाला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झोप बिघडली, किती दिवस कशातच रस वाटला नाही, असे प्रश्न. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. एकूण २७ गुणांपैकी माझे १७ आले, जितके जास्त तितका त्रास जास्त. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, मध्येच मनाने बंद करू नका, असं बजावलं आणि एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. हा फरकही मला तिथेच कळला. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, औषध ते देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. 'कोच' ही पाटी मात्र आपल्याकडे कुणीही लावू शकतो, तिच्यासाठी सरकारी नोंदणी नाही.

मॅडमसोबत नऊ महिने काम केलं. चौथ्या बैठकीत त्या म्हणाल्या, "घरचा अल्बम घेऊन या." बाबांचे फोटो एकेक करून टेबलावर ठेवले आणि बोगद्यातला तो "हॅलो" मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितला. मी आधीची गाडी पकडायलाच हवी होती, हे वाक्य माझ्या मनात सहा महिने फिरत होतं. त्यातल्या 'च'वर आम्ही कितीतरी बैठका काढल्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि किशोर फडके यांनी आपल्याकडे रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच 'च'शी झगडते. घडलेल्या गोष्टीइतकाच त्रास तिच्याबद्दल मनात धरलेला हट्ट देतो, हे मला पुस्तकी वाटलं होतं. स्वतःच्या तोंडून ते वाक्य ऐकलं तेव्हा पटलं.

बरोबरीने बोगद्याचा सराव चालू होता. आधी रविवारी दुपारी, रिकाम्या गाडीत, नवरा शेजारी. मग तो पुढच्या डब्यात. मग एकटी, पण गर्दी नसताना. भीती चढते, टोकाला जाते आणि आपण पळालो नाही तर उतरतेही, हे शरीराला शिकवायला अकरा फेऱ्या लागल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये तोच कागद पुन्हा भरला, गुण ४ आले. गोळी डॉक्टरांनी नंतर हळूहळू कमी केली.

मी बरी झाले, आणि मग एक वेगळीच पोकळी जाणवायला लागली. एकाच टेबलावर तेवीस वर्षं झाली होती. शाळेत असताना मामाच्या कॅमेऱ्यावर फोटो काढायचे, ते कधी सुटलं तेही आठवेना. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "यासाठी माझी गरज नाही. चांगला कोच बघा." कोच शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

या वेळी पैसे देण्याआधी मी प्रश्न विचारले. प्रशिक्षण कुठे आणि किती तासांचं? कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र? (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ पासूनची संस्था, तिच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालाही १०० तास कोचिंग केल्याचा अनुभव लागतो.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही कधी थांबता? ठाण्याच्या एक बाई फोटोग्राफीतून कोचिंग करायच्या. त्यांनी या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. आमच्या करारात पहिलंच वाक्य होतं की हा उपचार नाही. उपचार चालू आहेत का, गोळ्या कोणत्या, गरज पडली तर तुमच्या थेरपिस्टशी बोलायची परवानगी आहे का, हे त्यांनी कॅमेऱ्याचा विषय काढण्याआधी विचारलं.

सहा बैठका ठरल्या, दर पंधरा दिवसांनी. पहिलं काम असं की रोज जाता-येता मोबाइलवर एक फोटो, कारण शोधायचं नाही. महिन्याने त्यांतले ३६ फोटो प्रिंट करून त्यांच्या खोलीत जमिनीवर मांडले. मला वाटलं आता त्या अर्थ सांगतील. त्यांनी अर्थ सांगितला नाही. त्या म्हणाल्या, "या सगळ्या फोटोंत तुम्ही कुठे उभ्या आहात ते बघा."

मी गुडघ्यावर बसून पाहिलं. मुंब्र्याची खाडी, खिडकीच्या गजांमधून. कळव्याचा प्लॅटफॉर्म, दारातून. पावसातली डोंबिवली, पुलावरून. ३६ पैकी ३१ फोटोंत मी आत होते आणि जग बाहेर. माणसं होती ती सगळी पाठमोरी. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. माझ्याच फोटोंशी वाद घालता येईना. पुढचं काम मीच ठरवलं, दोन हातांच्या अंतरावरून, समोरून, विचारून फोटो काढायचे.

चौथ्या बैठकीला मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातांचा फोटो नेला होता, ठाण्याच्या जिन्याच्या कठड्यावर टेकलेले हात. तो मांडताना मला रडू फुटलं, श्वास पुन्हा तसाच अडकायला लागला. कोचबाईंनी सगळे फोटो पालथे केले, पाणी दिलं, शांत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हा फोटो मॅडमकडे घेऊन जा. मी थांबते." त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मॅडमनी तो फोटो अल्बममधल्या बाबांच्या फोटोशेजारी ठेवला आणि विचारलं, "या हातांना काय सांगायचं राहिलं?" दोन बैठका त्यात गेल्या. परत आले तेव्हा कोचबाईंनी तोच फोटो बघून विचारलं, "पुढचा फोटो कुठे काढायचा?" इंटरनेटवर वाचलं होतं की थेरपी भूतकाळाची आणि कोचिंग भविष्याचं. माझ्या अनुभवात ही वाटणी नीट बसत नाही. मॅडम बोगद्यातून उद्या कसं जायचं हेही शिकवत होत्या, आणि कोचबाईंकडे मामाच्या कॅमेऱ्याच्या गोष्टी निघायच्याच. फरक मला त्या पालथ्या केलेल्या फोटोंत दिसला. जखम उघडल्यावर ती पेलायचं शिक्षण आणि जबाबदारी एकीकडे होती, दुसरीकडे नव्हती, आणि दुसरीला ते पक्कं ठाऊक होतं. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी वायझर यांनी उपचारात फोटो वापरण्याच्या पाच पद्धती मांडल्या आहेत, त्यांत घरचा अल्बम ही एक. त्याही हा भेद करतात की प्रशिक्षित थेरपिस्टच्या हातात फोटो हा उपचाराचा भाग असतो, आणि स्वतःच्या वाढीसाठी फोटो काढणं ही वेगळी गोष्ट.

उरलेल्या बैठकांत मी लेडीज डब्यातल्या मैत्रिणींचे फोटो काढले, प्रत्येकीला विचारून. भाजी निवडताना, डुलकी काढताना, गजरा माळताना. १५ जानेवारी २०२० ला संक्रांत होती. त्यानंतरच्या आठवड्यात डब्यात हळदीकुंकू केलं तेव्हा वाण म्हणून प्रत्येकीला तिचाच फोटो दिला. शेवटच्या बैठकीत मी दोनच गोष्टी लिहिल्या, शनिवारी फोटोग्राफीचा वर्ग आणि ठाण्याच्या शाखेत बदलीचा अर्ज. बदली दीड वर्षाने मिळाली.

गेल्या महिन्यात शाखेतली एक तरुण मुलगी जेवायच्या सुट्टीत जवळ आली. "मॅडम, तुमच्या त्या फोटोवाल्या कोचचा नंबर द्या ना, मला कशातच रस वाटत नाहीये." मी आधी तिला झोपेचं विचारलं. तिने डबा बंद केला. "पहाटे तीनला जाग येते," ती म्हणाली, "दोन महिने झाले."

मी तिला डॉक्टरांचा नंबर दिला, आणि पहिल्या दिवशी तिच्यासोबत गेले.