वरच्या अंगाला मासे, खालच्या अंगाला बदकं

तपासणीच्या नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर मासे सुखात आहेत, हिरवं व्हायला लागलं तर पाण्यात अमोनिया आहे. त्या संध्याकाळी माझ्या हातातली नळी जुन्या काचेच्या बाटलीसारखी गर्द हिरवी झाली होती. टाकीत पंचवीस बोटुकल्या, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिल्लं होती, आणि सगळी पृष्ठभागाला तोंड लावून हवा गिळत होती. ब्रिस्बेनमध्ये रात्रीचे आठ वाजले होते, म्हणजे भिगवणला दुपारचे साडेतीन. मी आबांना फोन लावला. "आबा, मासे वर तोंड काढतायत." ते एवढंच म्हणाले, "आधी पाणी बदल. बोलू मग."

सकाळपर्यंत अकरा मेले. दोष बदकांच्या पाण्याचा होता आणि ते पाणी माशांच्या टाकीत मीच सोडलं होतं. तिथून पुढे सहा महिन्यांत जे उमजलं ते सांगायचं आहे. गावाकडून निम्म्या जणांचा पहिला प्रश्न असतो, "बदकं आणि मासे एकत्र राहतात का गं?"

राहतात, पण क्रमाने.

आधी मूळ रचना सांगते. ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या पाण्यावर मातीविना भाजी. इथे हजार लिटरच्या पांढऱ्या चौकोनी टाक्या जुन्या बाजारात मिळतात, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेल्या. वरचा तिसरा हिस्सा कापायचा, उलटा करून त्याच टाकीवर ठेवायचा, त्यात फूटभर खडी भरायची. खाली मासे, वर वाफा. टाकीत पूर्वी काय भरलेलं होतं हे विचारल्याशिवाय घेऊ नका. आम्ही खाद्यपदार्थांचीच घेतली. खडीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहायचे. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती नको.

पंप पाणी वर चढवतो. वाफ्याच्या मधोमध एक उभा पाइप आणि त्यावर टोपीसारखा दुसरा, बुडाशी खाचा असलेला. याला बेल सायफन म्हणतात. पाणी उभ्या पाइपच्या काठाला पोचलं की सगळा वाफा घळघळ करत खाली रिकामा होतो, टोपीत हवा शिरते, धार तुटते आणि वाफा पुन्हा भरू लागतो. मुळांना एकदा पाणी, एकदा हवा. तो आवाज थांबला तर मी झोपेतूनही उठते.

खरं काम खडीवरचे जिवाणू करतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात उतरतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही माशांना घातक. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते मुळांना खत म्हणून चालतं. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. पलीकडच्या गल्लीतल्या एका काकांकडे जुनी चालती टाकी होती, त्यांनी वाफ्यातली बादलीभर खडी दिली. तेच आमचं विरजण.

नळाचं पाणी मात्र घेता येत नाही. त्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामाइन असतं आणि ते नुसतं रात्रभर उघडं ठेवून उडत नाही. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी इथे बऱ्याच घरी असते, आम्ही तेच वापरतो.

आता मासा. आबांचा पहिला सल्ला होता, "चिलापी सोड, मरता मरत नाही." खरंच आहे, उजनी चिलापीने भरलेली आहे आणि घाण पाणी तिच्याइतकं कुणी सोसत नाही. पण याच चिवटपणामुळे क्वीन्सलँडमध्ये चिलापीला, म्हणजे टिलापियाला बंदी आहे. इथल्या नद्यांत शिरून ती देशी माशांना हुसकावते. ती पाळणंच काय, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. आम्ही जेड पर्च आणला. हा क्वीन्सलँडच्या आतल्या कोरड्या भागातल्या नद्यांचा मासा. त्याला ऊबदार पाणी मानवतं, शाकाहार-मांसाहार दोन्ही चालतं आणि अंगात चरबी चांगली धरतो. आबांना नाव सांगितलं तर म्हणाले, "खाऊन बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही."

बदकं लेकीच्या हट्टाने आली. दोन खाकी कॅम्पबेल, दोन इंडियन रनर. ही रनर बदकं नावालाच इंडियन, मूळची इंडोनेशियाच्या बेटांवरची. बाटलीसारखी उभी चालतात, फारशी उडत नाहीत आणि गोगलगायींचा फडशा पाडतात. कोंबडीसारखं माती उकरून रोपं उपटत नाहीत, म्हणून मला ती परसात हवीच होती. खाकीची अंडी भरपूर. मात्र बदकाला नुसतं प्यायचं पाणी पुरत नाही. डोळे आणि नाकपुड्या धुवायला त्याला डोकं बुडेल इतकं पाणी लागतं. आम्ही त्यांना जुना न्हाणीतला टब दिला. दुसऱ्या दिवशी त्या टबाकडे बघवेना. चिखल, पिसं, विष्ठा, खाण्याचा लगदा.

चीनमध्ये क्वेचौ प्रांतात डोंग लोक भातखाचरात भात, मासे आणि बदकं एकत्र वाढवतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2011 मध्ये त्या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा शेती-वारसा म्हणून मान्यता दिली. ते मी वाचलं आणि मला वाटलं, आपलंही जमेल. टबाचं पाणी सरळ वाफ्यावर सोडलं. माझ्या लक्षात आलं नाही ते असं: त्यांच्याकडे विस्तीर्ण खाचर असतं, माती असते, भाताची मुळं असतात. माझ्याकडे दोन वाफे खडी. त्या खडीवरचे जिवाणू पंचवीस बोटुकल्यांच्या अमोनियाला पुरत होते, वर चार बदकांचा भार त्यांना कुठून पेलणार? त्यात गाळाने सायफनच्या खाचा बुजल्या. उन्हाळ्याचे दिवस, पाणी गरम, आणि पाणी जितकं गरम तितका अमोनिया माशांना जास्त भोवतो.

मेलेले मासे लिंबाच्या बुडाशी पुरले. लेकीने मोजून पुरले.

उत्तर मला आजोळच्या ओढ्यावरून सुचलं. तिथे कुणी पाटी लावली नव्हती, तरी अख्ख्या गावाला माहीत होतं: प्यायचं पाणी वरच्या अंगाला भरायचं, धुणं त्याच्या खाली आणि म्हशी सगळ्यात खाली. म्हशींचं पाणी पुन्हा हंड्यात येत नाही. माझ्या परसात मी म्हशी वर बसवल्या होत्या.

आता पाणी एकाच दिशेने जातं. पावसाच्या टाकीतून माशांकडे. माशांच्या टाकीतून आठवड्यात दोनदा शंभर-शंभर लिटर बदकांच्या टबात. टबातलं घाण पाणी दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात, तिथे गाळ तळाला बसतो. वरचं पाणी अळूच्या चरात, तळाचा गाळ तोटी उघडून केळीला. तिथे प्रवास संपतो, परत काहीही येत नाही. माशांच्या टाकीत दर वेळी ताजं पाणी पडतं, त्यामुळे जास्तीचं नायट्रेटही साचत नाही.

याला आणखी एक कारण आहे आणि ते मला माशांपेक्षाही मोठं वाटतं. बदकांच्या विष्ठेत साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. कोथिंबीर आपण कच्ची खातो, मुळा कच्चा खातो. म्हणून कच्चं खायचं ते सगळं माशांच्या वाफ्यात, आणि बदकांच्या पाण्यावर फक्त अळू आणि केळी. अळू आपण शिजवतोच, आणि केळीचा घड पाण्यापासून हातभर वर. अळूचे कंद इनाला या इथल्या उपनगरातल्या व्हिएतनामी दुकानातून आणले. केळीचं रोप मात्र इथे कुणाच्याही कुंपणावरून उचलून लावता येत नाही, केळीच्या रोगांमुळे नियम कडक आहेत. ते रीतसर रोपवाटिकेतूनच घ्यावं लागतं.

बदकं माशांच्या कामाला अजिबात येत नाहीत असं नाही. जिवाणूंच्या कामाने पाणी हळूहळू आंबट होत जातं, आणि पावसाच्या पाण्यात ते सावरायला क्षार नसतात. आमचं पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं पाणी आंबट) सहापर्यंत उतरलं, तेव्हा कोथिंबीर तर खुंटलीच, जिवाणूही मंदावले. आता बदकाच्या अंड्यांची टरफलं उकळून, वाळवून, कुटून मोज्यात बांधते आणि टाकीत लटकवते. सावकाश विरघळतात, पीएच साडेसहा ते सातच्या दरम्यान राहतं. उलट्या बाजूने, माशांच्या पाण्यावर एका टोपात अझोला, पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, वाढतो. आपल्याकडे गोठ्यात गुरांना घालतात तोच. सकाळी ओंजळभर टबात टाकला की चौघी एकदम माना घालतात आणि अर्ध्या मिनिटात पाणी मोकळं.

संध्याकाळच्या वादळांत वीज जाते, त्यासाठी बॅटरीवरचा हवापंप ठेवला आहे. कोल्ह्यांमुळे बदकं रात्री बंद खुराड्यात. एवढं सांभाळलं की झालं.

गेल्या रविवारी चौदापैकी पहिले दोन जेड पर्च काढले. चिंचेचा कोळ, लसूण, हळद, आबा सांगतील तसं कालवण. सोबत त्याच परसातल्या अळूच्या वड्या. व्हिडिओवर आबांनी ताट बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "पंप किती वॅटचा आहे?"

परवा त्यांनी फोटो पाठवला. विहिरीच्या कडेला दोन निळी पिंपं, एक कापलेलं. चिलापी सोडणार आहेत, आणि इंदापूरच्या बाजारातून बदकं आणायचं म्हणतायत. मी उलट लिहिलंय: पिंपं विहिरीपासून लांब हलवा, आणि बदकं केळीच्या बाजूला, उताराला ठेवा.