मिरगाआधीचा मेळावा

आमच्या भावकीचा मेळावा भर उन्हाळ्यात का भरवता, दिवाळीत का नाही, असं नवीन आलेली प्रत्येक सून एकदा तरी विचारते. मीही विचारलं होतं. सासऱ्यांनी नुसतं छपराकडे बोट केलं. 7 जूनच्या सुमाराला मिरीग लागतो आणि बेळगावच्या पश्चिमेला आमच्या बाजूला एकदा पावसानं धरलं की छपरावर चढायची सोय राहत नाही. त्याआधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, फणसाचा पाला नि शेवाळ काढायचं. पुढच्या सोप्यावर मंगळुरी कौलं आहेत, ती एकमेकांत अडकून बसतात, माकडांनी नाचून फोडली नाहीत तर चार वर्षं निभावतात. गोठ्यावर मात्र अजून नळीची कौलं. ती दरवर्षी उतरवून परत लावल्याशिवाय गत्यंतर नाही. एवढ्या हातांची गरज मे महिन्यातच, म्हणून मेळावाही मे महिन्यातच. गेली बरीच वर्षं जमाखर्चाची वही माझ्याकडे आहे, म्हणून हे जरा हक्कानं लिहिते.

तारीख धरताना दरवर्षी वाद होतो. इकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मे संपता संपता भरतात. पुण्या-मुंबईच्या मुलांना जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी, त्यामुळे त्यांना घाई नसते. शिवाय बेळगावची शिवजयंती वैशाखातली. चित्ररथांच्या रात्री घरातली सगळी तरणी पोरं शहरात, उजाडल्यावर परततात ती डोळे मिटत. त्यांना त्या दिवशी शिडी चढवायची नाही, हा सासूबाईंचा नियम आम्ही अजून पाळतो. हे सगळं टाळत टाळत मेचा एखादा रविवार हाती लागतो. कौलांचं काम आधीच्या आठवड्यात, जेवण आणि कार्यक्रम रविवारी. इथंच माझं गाऱ्हाणं आहे. आमंत्रण आठवड्याचं असतं, पुणेकर मात्र रविवारी सकाळी अकराला येतात, मांडे खातात, फोटो काढतात आणि चारला गाडीला चावी मारतात. सांगलीचे धाकटे भावोजी मात्र बुधवारपासून कौलांखालच्या रीपा ठोकत असतात. वहीत हजेरीचा रकाना मी मुद्दाम ठेवला आहे.

कार्यक्रमाचं काय सांगायचं? समई लावतात, स्वागत होतं, मी हिशेब वाचते आणि कुणी ऐकत नाही. गुणवंतांच्या सत्काराला थोडी गंमत असते. इकडच्या मुलांचे एसएसएलसीचे, म्हणजे दहावीचे, गुण 625 पैकी, महाराष्ट्रातल्यांचे 500 पैकी. टक्केवारी काढून नंबर लावायला हायस्कूलमध्ये गणित शिकवणारे मधले काका बसतात, तरी एखादी आई रुसतेच.

मी वाट बघत असते ती त्यानंतरच्या तासाची. माईक माहेरवाशिणींकडे जातो.

कुणी चंदगडहून येतं, कुणी खानापूरच्या पलीकडच्या खेड्यातून, कुणी गोव्यातून. एरवी चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या बायका. सुरुवात ठरलेली, "मला काय बोलायला येत न्हाई," आणि मग अर्धा तास थांबत नाहीत. भाषणात उपदेश नसतो, आभार नसतात. असतं फक्त घर. कुठल्या खांबाला कोण टेकून बसायचं, माळ्यावर आंबे कुठल्या गवतात पिकत घालायचे, न्हाणीतल्या चुलाण्यावर पहिलं पाणी कुणाला मिळायचं, वडील बाजारातून आले की पिशवीत आधी हात कोण घालायचं. ऐकताना आम्ही सुना भिंतीला लागून उभ्या असतो आणि एकमेकींकडे बघत नाही. मी गडहिंग्लजची. माझ्या माहेरचं घर वाटण्या होऊन कधीच पाडलं. तिथं असा माईक मला कुणी देणार नाही.

थोरल्या आत्यांचं भाषण सगळ्यांत लांब. त्या आल्या की आधी घर तपासतात. 2019 च्या ऑगस्टात अतिवृष्टी झाली, जिल्ह्यात कितीतरी मातीची घरं बसली, तेव्हा आमची परड्याकडची भिंतही खचली. मग कोरोनात दोन वर्षं मेळावाच नाही. 2022 च्या उन्हाळ्यात मोठं काम काढलं. ती भिंत जांभ्याच्या चिऱ्यांत उभी केली आणि माजघरातली सारवलेली जमीन काढून टाइल बसवायची ठरली. थोरल्या भावोजींनी कार्यक्रमाआधी अर्धं माजघर उरकूनही टाकलं. आत्या माईक घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फरशी गुळगुळीत केलासा, बरं केलासा. पाय घसरून पडलो तर दवाखान्यात न्या म्हणजे झालं." सगळे हसले. मग त्या म्हणाल्या, "उरलेल्या भागात जमिनीत उखळ हाय. माझ्या आईचा जन्म गेला त्याच्याजवळ. पोहे कांडले, मिरच्या कांडल्या. दुसऱ्या दिवशी माझी हळद असताना रातभर तीच कांडत बसली होती. ते तेवढं बुजवू नका गा."

भावोजी उठून काही बोलणार होते, बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गवंड्याला सांगून उखळाभोवती चौकोन सोडून टाइल बसवल्या. त्यावर आता लाकडी झाकण आहे, आणि लहान पोरं त्यात गोट्या लपवतात.

मला यातली एक गोष्ट दरवर्षी टोचते. याच आत्यांनी, त्यांच्या बहिणींनी, जमिनीच्या आणि घराच्या हक्कसोडीवर मुकाट सह्या केलेल्या आहेत. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा देणारा कायदा दोन्ही राज्यांत 1994 मध्ये आला. यांची लग्नं त्याच्या कितीतरी आधीची, म्हणून तेव्हा तो यांना लागू झाला नाही. ज्यांच्या नावावर कौलसुद्धा नाही, त्या घराच्या एकेका खुंटीची चौकशी करतात, आणि ज्यांची नावं उताऱ्यावर आहेत त्यातल्या काहींना न्हाणीचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते सांगता येणार नाही. हे मी मेळाव्यात कधी बोलले नाही. वहीवाल्या सुनेनं किती बोलावं, याला मर्यादा असते.

सोमवारी सहल. एके वर्षी गोकाकचा धबधबा धरला. 52 मीटरचा उंच कडा, पण मे महिन्यात घटप्रभेला पाणी ते किती? "पाणी कुठाय?" असं मुंबईच्या नातवानं विचारलं आणि परतीच्या वाटेवर करदंट ही गोकाकची मिठाई मिळेपर्यंत तो तेच विचारत राहिला. झुलत्या पुलावर मात्र सगळ्यांत आधी सासूबाई चालून गेल्या. पुढच्या खेपेला कणकुंबीला गेलो. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगवते, भोवती दाट रान, त्यामुळे ऊन बाधलं नाही. थोरल्या आत्यांनी कुंडातलं पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, हेच पाणी सौंदत्तीला धरणात भेटतं, यल्लम्माला जाताना बघितलंय. बसमध्ये अंताक्षरी झाली, करवंदं वाटली, दोघी जावांची जागेवरून जुंपली, तो भाग सोडून देते.

आता ज्यांच्याशिवाय काही झालं नसतं त्यांची नावं नाहीत, पण माणसं सांगते, आणि कुणी राहिलं तर फोन करून भांडावं. येळ्ळूरचे गवंडीमामा आणि त्यांचा पोरगा. कंग्राळीचे सुतार, ज्यांनी वाळवी लागलेला आढ्याचा तुकडा बदलला आणि मजुरी पुढच्या सुगीपर्यंत मागितली नाही. मांडववाले. माईकवाले, त्यांचा माईक दोनदा शिट्टी मारत होता, तरी. शहापूरहून मांडे करायला येणाऱ्या दोघी आणि पुरण वाटणारी त्यांची भाची. बाके देणारी गावची शाळा. टँकरवाला, जो एकदा आला नाही, पण बाकीच्या वेळी आला. पंगतीला वाढणारी गल्लीतली पोरं. भाकऱ्या थापणाऱ्या तिघी जावा, चौथी फक्त मीठ चाखत होती. आणि पलीकडच्या घरचे कन्नड काका. आमच्या म्हशी आठवडाभर त्यांच्या गोठ्यात असतात, आणि रोज संध्याकाळी कुंपणावरून ते विचारतात, "ऊट आय्ता?" म्हणजे जेवण झालं का? झालं म्हटलं तरी त्यांच्या घरून आमटीचं भांडं येतंच. त्यांचं एक पितळी भांडं अजून आमच्याकडे आहे, मला माहीत आहे, काकी, पोचवते.

वर्गणीची शिल्लक चार हजारांच्या आतबाहेर आहे. येत्या उन्हाळ्यात न्हाणीचं काम काढायचं: चुलाणं राहील, बाहेरचा पन्हाळ बदलायचा आणि गोठ्याची कौलं आहेतच. कौलं देणाऱ्याला पैसे आगाऊ द्यावे लागतात, म्हणून वर्गणी होळीच्या आत पाठवा. पुणेकरांनी शुक्रवारी यावं. शिड्या दोन आहेत.