१६४१च्या जबान्या वाचताना

आज दिवसभर आयर्लंडमधल्या कॅथलिकांनी १६४१मध्ये प्रोटेस्टंट वसाहतकऱ्यांविरुद्ध केलेल्या उठावाच्या जबान्या वाचल्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांचे ३१ खंड आहेत, जबान्या सुमारे ८,०००.

क्रम बहुधा ठरलेला. नाव, गाव, मग नुकसानीचा हिशेब: गुरं, धान्य, बुडालेली येणी. मग लुटणाऱ्यांची नावं आणि शेवटी ऐकीव गोष्टी. घोटाळा होतो तो इथेच. पोर्टाडाउनच्या पुलावर प्रोटेस्टंटांना नदीत बुडवलं, हे घडलंच. पण ते सांगणारे बरेच जण तिथे नव्हते. म्हणून ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’ वेगळ्या रंगांनी खुणावून वाचावं.

डिसेंबर १६४१मध्ये नेमलेलं डीन (चर्चचे वरिष्ठ अधिकारी) हेन्री जोन्स यांचं जबान्या नोंदवणारं मंडळ लुटल्या गेलेल्या प्रोटेस्टंटांसाठी होतं. आयलंडमगी या आयरिश द्वीपकल्पात जानेवारी १६४२मध्ये कॅथलिक मारले गेले; त्याबद्दलच्या जबान्या थेट १६५३मधल्या. ही अकरा वर्षांची दरी मला फार छळते.