सोमवारचं जुळं

माफी मागणारं पत्रही दोनदा गेलं, तेव्हा मात्र मी डोक्याला हात लावला.

मी एक छोटी वेबसाइट सांभाळतो. तिच्यावर आठवडाभरात आलेले लेख दर सोमवारी सकाळी सात वाजता गोळा होतात आणि न्यूजलेटर होऊन वाचकांकडे जातात. सगळं आपोआप. मी तेव्हा झोपलेला असतो, आणि या झोपेचाच मला अभिमान होता. मग तक्रार आली, 'तुमचा मेल डबल येतोय.' पाठोपाठ आणखी एक. मी मनावर घेतलं नाही. जीमेल पत्त्यातली टिंबं मोजत नाही. एकाच माणसाने एकदा टिंब देऊन आणि एकदा न देता नाव नोंदवलं तर यादीत माणसं दोन दिसतात, पेटी मात्र एकच असते. तसंच काहीतरी असेल, म्हटलं. दुसऱ्यावर ढकलता येणारं कारण किती चटकन पटतं!

तक्रारी वाढल्या तशी दुरुस्ती केली. म्हणजे न्यूजलेटर पाठवणारं प्लगइन, साइटला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, बंद करून पुन्हा चालू केलं. आमच्यात याला दुरुस्ती म्हणतात. साइटवर दिलगिरीची टीप टाकली, 'अडचण दूर झाली आहे' असं ठणकावून लिहिलं. ती सोमवारी सातला गेली. सात वाजून एकवीस मिनिटांनी पुन्हा गेली.

मेल दोनदा जाण्याचं दुखणं जुनं आहे. 1988च्या फेब्रुवारीत आरएफसी 1047 नावाचा इंटरनेटच्या कारभारावरचा एक तांत्रिक दस्तऐवज निघाला, त्याचा विषयच हा. पाठवणारा सर्व्हर मजकूर सांगून झाला की शेवटी एका ओळीवर एकटं टिंब ठेवतो. म्हणजे, माझं संपलं. त्यावर समोरच्याने '250' म्हणायचं असतं. म्हणजे, मिळालं, यापुढची जबाबदारी माझी. सगळी गोम त्या टिंबाच्या आणि या आकड्याच्या मधे आहे. समोरचा मेल ठेवून तर घेतो, पण काहीबाही तपासत बसतो आणि 250 म्हणायला उशीर लावतो. इकडचा ताटकळतो, कंटाळतो, संभाषण तोडतो आणि थोड्या वेळाने तोच मेल नव्याने पाठवतो. म्हणून नियम सांगतो की टिंबानंतर निदान 10 मिनिटं तरी धीर धरावा.

हे वाचून मला त्या सर्व्हरबद्दल आपुलकीच वाटली. कुलूप लावून दोन जिने उतरलेला माणूस परत वर जाऊन कुलूप ओढून बघतो, तो काय वेगळं करतो? पोचलं की नाही याची खात्री नसेल तर एक तर गप्प बसायचं, नाही तर पुन्हा पाठवायचं. हरवण्यापेक्षा दोनदा गेलेलं बरं, असं मेलची व्यवस्था लावणाऱ्यांनी ठरवलं. मला ते इतकं पटलं की मी चार दिवस तिथेच खणत बसलो. पुढच्या सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी एका सोशीक वाचकाकडून दोन्ही मेल हेडरसकट मागवले. हेडर म्हणजे मेलच्या अंगावरचे शिक्के. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का वरच्या बाजूला मारतो, त्यामुळे ते खालून वर वाचायचे. जन्मस्थान तळाशी असतं. शिवाय प्रत्येक मेलला स्वतःचा असा मेसेज-आयडी मिळतो. शंकेपोटी पुन्हा पाठवलेला मेल असता तर हा आयडी तोच राहिला असता. मी दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावून अक्षर अन् अक्षर जुळवलं. आयडी वेगळे होते. म्हणजे वाटेत दुणावलेलं हे एक पत्र नव्हतंच, दोन ठिकाणी जन्मलेली दोन होती. पहिल्याच्या तळाशी आमच्या सर्व्हरचं नाव. दुसऱ्याच्या तळाशी दुसरंच, पण ओळखीचं.

दीड महिन्यापूर्वी साइटचं रूप बदलायचं होतं. चालत्या साइटवर प्रयोग नकोत म्हणून एका रिकाम्या सर्व्हरवर तिची हुबेहूब प्रत काढली होती, लेखांसकट, वाचकांच्या यादीसकट. काम झालं आणि मी ती विसरलो. ती विसरली नव्हती. दर सोमवारी मूळ साइटवरून नवे लेख उचलून ती यादीतल्या प्रत्येकाला इमानेइतबारे पाठवत होती. आपण प्रत आहोत, हे तिला सांगणार कोण?

मग सगळे धागे भराभर जुळले. दोन मेलांमधलं अंतर दर वेळी वेगळं का? तर आमची साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्या वर्डप्रेसला मुळात स्वतःचं घड्याळ नसतं. कुणी पान उघडलं की तेवढ्यापुरतं ते जागं होतं आणि काही काम राहिलंय का बघतं. मूळ साइटवर सकाळीही वर्दळ असते. त्या प्रतीकडे फिरकायचे ते फक्त सर्च इंजिनांचे बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळत फिरणारे प्रोग्राम, तेही सवडीने. नव्या वाचकांची तक्रार का नव्हती? ते प्रतीच्या यादीत नव्हतेच. आणि मला सगळ्यात झोंबलेलं पत्र, 'नाव काढून तीन आठवडे झाले, तरी तुम्ही सोडत नाही', तेही खरंच होतं. त्या गृहस्थांचं नाव आम्ही काढलं होतं. प्रतीने काढलं नव्हतं. आणि मी त्यांना 'कृपया पुन्हा एकदा तपासून पाहा' असं उत्तर दिलं होतं.

प्रत बंद करायला अर्धा मिनिट लागला.

त्या गृहस्थांना मात्र मी स्वतः बसून लिहिलं, कुठल्याही यादीतून नाही. चूक कुठे झाली ते सांगितलं, माफी मागितली आणि पाठवलं. मग गेलं का ते बघायला सेंटमधे गेलो. गेलं होतं, एकदाच. पाच मिनिटांनी पुन्हा उघडून पाहिलं.