मांडीतून पोटरीपर्यंत : ओहायोतलं माझं काम आणि मामांचं डिस्चार्ज कार्ड

अमेरिकेतल्या ओहायोत मी पायाच्या ऑपरेशनांचं कोडिंग करते. रक्तवाहिन्यांच्या सर्जनांचा एक गट आहे, त्यांनी ऑपरेशननंतर लिहिलेली नोट ओळीओळीने वाचायची आणि त्यातल्या कामाला ठरलेला कोड लावायचा. तो कोड विमा कंपनीकडे जातो आणि त्यावरून सर्जनचे पैसे ठरतात. गंगाखेडला माझ्या घरी अजूनही याला ‘कॉम्प्युटरवरचं काम’ म्हणतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते, कारण यातलं बरंचसं आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या उपयोगाचं आहे.

साखर आणि तंबाखू-बिडी ही जोडी पायाच्या धमन्यांवर फार वाईट परिणाम करते. धमनी आतून अरुंद होत जाते आणि चालताना पोटरीला लागणारं रक्त पुरत नाही. मग ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की जातो. पुढे रात्री झोपेतही पाऊल ठणकतं, बोटावरची जखम महिनोन्‌महिने भरत नाही आणि शेवटी पाय काळा पडायला लागतो. बंद पडलेल्या भागाला वळसा घालून रक्त खाली पोचवायचं, म्हणजे पायाचा बायपास. रुग्णाची स्वतःची शीर वापरून असा बायपास १९४८ मध्ये पॅरिसमध्ये ज्याँ कुनलिन या सर्जनने केला. आजही शक्य असेल तिथे स्वतःच्या शिरेलाच पहिली पसंती असते.

कोड लावताना मी आधी शोधते की बायपास कुठून निघाला, कुठे पोचला आणि कशाने केला. मांडीतल्या धमनीपासून गुडघ्यामागच्या धमनीपर्यंत, रुग्णाचीच शीर वापरून, तर ३५५५६. रस्ता तोच पण कृत्रिम नळी बसवली, तर ३५६५६. शीर आणखी खाली पोटरीतल्या बारीक धमनीला जोडली, तर ३५५६६. एवढं वाचून सोपं वाटेल, पण खरी परीक्षा शिरेपाशी असते. पायातल्या शिरेत झडपा असतात, रक्त वर हृदयाकडे जावं म्हणून. बायपासमध्ये त्याच शिरेतून रक्त खाली न्यायचं असतं, आणि या झडपा ते अडवतात. म्हणून सर्जन शीर पूर्ण सोडवून उलटी करून जोडतात. नाहीतर ती जागच्या जागी ठेवून फक्त दोन टोकं जोडतात आणि आतल्या झडपा एका खास हत्याराने कापतात. हा दुसरा प्रकार मांडी ते गुडघ्यामागे असेल तर कोड बदलतो, ३५५८३ होतो. नोटमध्ये नुसतं ‘शीर वापरली’ असं असेल तर मला पुढे जाता येत नाही. मी सर्जनला लेखी विचारते. कधी उत्तर त्याच दिवशी येतं, कधी आठवण करावी लागते; पण अंदाजाने मी कोड टाकत नाही. ही या कामाची मला सगळ्यात आवडणारी बाजू आहे. माणसाच्या पायात नेमकं काय केलं, ते कुणीतरी नीट लिहिलंच पाहिजे, असा हट्ट धरण्याचा मला पगार मिळतो.

जोडायच्या जागी धमनी साफ केली, तर त्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. पायातलीच शीर काढली तर तेही मूळ कोडमध्ये धरलेलं असतं. पायातली शीर चांगली नाही म्हणून हातातली घेतली, तर मात्र ३५५०० हा जोडकोड लागतो. ऑपरेशननंतरचे ९० दिवस सर्जनच्या नेहमीच्या तपासण्या त्याच पैशांत बसतात. त्या काळात बायपास बंद पडला आणि रुग्णाला पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं, तर ते वेगळं, पण ७८ हा मॉडिफायर, म्हणजे कोडाला जोडायचा खुणेचा आकडा, लावून.

आजाराचे कोड वेगळे. चालताना डावा पाय दुखतो, त्याला आय७०.२१२. बसल्या जागी दुखतो, तर आय७०.२२२. गँगरीन झालं, तर आय७०.२६२. शेवटच्या आकड्यात डावा-उजवा सांगितलेला असतो. मधुमेह असेल तर ई११.५१, गँगरीनसह असेल तर ई११.५२. विमा कंपनी हे बारकाईने बघते. नुसतं चालताना दुखत असेल, तर आधी औषधं दिली का, चालण्याचा व्यायाम करून बघितला का, असे प्रश्न येतात.

आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आधी मंजुरी घेऊन पॅकेजवर काम होतं. दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, तो कागदपत्रं लावून देतो. इथे त्याच रुग्णाला हॉस्पिटलचं बिल वेगळं, सर्जनचं वेगळं, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं वेगळं येतं, आणि हॉस्पिटल तर कोडांचा आणखी निराळाच संच वापरतं. म्हातारी माणसं कागद घेऊन फोन करतात तेव्हा त्यांच्या आवाजातली भीती ऐकवत नाही. योजनेच्या रांगा आणि कमतरता मला माहीत आहेत, तरी ऑपरेशनच्या आधीच खर्चाचं उत्तर मिळणं ही मोठी गोष्ट आहे, असं मला इथे आल्यावर पटलं.

माझे मामा शेतकरी. बांधावरच्या बाभळीपर्यंत गेले की थांबायचे. "पोटरीत गोळा येतंय बाई, वय झालं आता," म्हणायचे. गावात सगळे सायटिका म्हणत होते. मी फोनवर विचारलं, "मामा, नुसतं उभं राहिल्यावर जातंय का बसावं लागतंय?" "उभं राहिलं की जातंय." मणक्याच्या त्रासात बहुतेकदा बसल्याशिवाय किंवा वाकल्याशिवाय आराम पडत नाही, म्हणून मला शंका आली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे एवढंच म्हटलं, की पायाचा डॉपलर, म्हणजे धमन्यांतलं रक्त कसं वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी, करून घ्या. पुढे बोटाला जखम झाली, तेव्हा कुठे गेले. संभाजीनगरला डाव्या पायाचा बायपास झाला, पाय वाचला.

नंतर भाच्याने डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला. त्यावर होतं, ‘डाव्या पायाचा बायपास केला.’ एवढंच. कुठून कुठे, शीर की नळी, शीर असेल तर कुठल्या पायातली, काही नाही. ऑपरेशन चांगलं झालं होतं, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकारच आहेत. पण उद्या मध्यरात्री पाय गार पडला आणि मामांना परभणीला किंवा नांदेडला न्यावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा हेच हवं असेल. उद्या हृदयाचा बायपास करायची वेळ आली, तर तिथेही पायातली हीच शीर लागते. ती आधीच काढली आहे का, हे आधी कळलेलं बरं.

मी भाच्याला साधा अर्ज लिहायला लावला. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षं जपाव्या लागतात. ऑपरेशन नोट मिळाली: मांडीतून गुडघ्यामागे, डाव्याच पायातली शीर, उलटी करून. तिची एक प्रत मामांच्या फाइलमध्ये आहे, एक भाच्याच्या मोबाइलमध्ये. तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर सुट्टी मिळायच्या आधीच ऑपरेशन नोटची प्रत मागा. आणि बायपासची डॉपलर तपासणी कधी कधी करायची, ते डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या.