न लगे की नल गे

'औषध न लगे मजला' ही ओळ मराठी शाळेतून गेलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. 'न' पुढे सरकवून 'ल'ला चिकटवला की औषध नाकारणारी दमयंती नलच मागू लागते. सभंग श्लेष हे त्याचं पुस्तकी नाव.

झामेनहोफ या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ मध्ये वॉर्साहून एस्पेरांतो ही स्वतः रचलेली भाषा जगापुढे ठेवली ती माणसांमधले तंटे मिटावेत म्हणून, कोट्यांसाठी नव्हे. पण तुकडे जोडून शब्द करायचे म्हटल्यावर सांधा उसवणारे भेटणारच. 'कोलेगो' म्हणजे सहकारी. 'कोल-एग-ओ' असा फोडला की भलीमोठी मान. 'आवारो' म्हणजे कंजूषपणा, नाहीतर आजोबांचा घोळका! असल्या कोट्या करताना एस्पेरांतोवाले अजून थकलेले नाहीत.

लोझबान या दुसऱ्या रचलेल्या भाषेच्या मंडळींना मात्र हे खपणारं नव्हतं. जेम्स कुक ब्राऊन यांनी १९५५ मध्ये लोगलान ही तर्कशुद्ध भाषा रचायला घेतली. पुढे तिच्या हक्कांवरून वाजलं आणि १९८७ मध्ये लोझबान वेगळी निघाली. न थांबता बोललेलं वाक्यही एकाच प्रकारे तुटलं पाहिजे, हा तिचा हट्ट. 'मिक्लामा' ऐकलं की जोर 'क्ला'वर, म्हणजे पुढच्या 'मा'ला शब्द संपला. मागे 'मि' सुटा होऊ शकतो, म्हणून तो सुटाच धरायचा. 'मि' म्हणजे मी (हा निव्वळ योगायोग), 'क्लामा' म्हणजे येणं-जाणं.

याच नियमाने 'तोस्माब्रु' बिघडतो. जोडशब्द म्हणून केला, तरी सुरुवातीचा 'तो' गळून पडतो, आणि 'तो' म्हणजे तोंडी उच्चारायचा कंस! मग कंस उघडला आणि पुढे 'स्माब्रु' नावाचं भलतंच काहीतरी आलं, असा अर्थ लागतो. उपाय काय, तर मध्ये एक 'अ' घालायचा: 'तोसमाब्रु'. आपल्या लिपीत नुसतं जोडाक्षर सोडवलं की झालं. अडचण एवढीच की मराठी माणूस तो 'अ' लिहील आणि बोलताना गिळून टाकेल.

नावांचे हाल तर विचारू नका. नाव व्यंजनानेच संपलं पाहिजे, म्हणून शीलाची 'शीलास' करा. पण 'ला' ही नावाआधी येणारी खूण. जुन्या नियमाने ऐकणारा मधल्या 'ला'पासून नाव सुरू झालं असं धरणार आणि त्याच्या हाती उरणार नुसता 'स'. पुढे प्रत्येक नावाआधी क्षणभर थांबायची सक्ती झाली, तेव्हा कुठे शीला सुटली.

मला या कारागिरीचं मनापासून कौतुक आहे. मात्र एवढं शिवण घट्ट करूनही 'गेर्कु झ्दानि', म्हणजे कुत्रा-घर, याचा अर्थ त्यांनी मुद्दाम मोकळा सोडला आहे. कुत्र्याचं घर, कुत्र्याच्या आकाराचं घर, कुत्र्यांनी भरलेलं घर, काहीही चालतं. दार उघडण्याआधी बोलणाऱ्याला विचारून घेतलेलं बरं.