पियानोच्या लाकूडकामाचा रेट कसा काढायचा : माझा अनुभव

पियानोच्या पायाचे स्क्वेअर फूट किती होतात हे कुणाला माहीत असेल तर मला सांगा, कारण एका संस्थेच्या अकाउंट्स ऑफिसला ते हवं होतं आणि तेवढ्यासाठी माझं कोटेशन टेबलावरून हलत नव्हतं. काम होऊन पैसेही आलेत, तरी विषय निघाला की अजून डोकं फिरतं. म्हणून लिहूनच टाकतो, माझ्यासारखी एकेका नगाची कामं करणाऱ्यांना उपयोग होईल.

मी पुण्यात सुतारकाम करतो. मॉड्युलर किचन वगैरे नाही, जुन्या पेट्या, देव्हारे, वाड्यांचे दरवाजे असलं दुरुस्तीचं काम. पियानो येतात ते एका ट्यूनर (पियानोचे सूर लावणाऱ्या) अंकलमार्फत. तारा, हातोड्या, फेल्ट सगळं त्यांचं आणि बाहेरचं लाकूड माझं, ही वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे. आत दोनशेच्या वर तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो, त्या भागाला मी हात लावत नाही आणि त्याचा रेटही देत नाही.

हा पियानो जुना इंग्लिश, उभ्या बनावटीचा. खालच्या फळीला वाळवी लागलेली, पुढचा एक कातीव पाय मोडलेला, वरच्या आणि खालच्या पॅनलचं व्हिनिअर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) फुगून सुटलेलं. मोजमाप, फोटो, अंकलशी बोलणं, सगळं पटकन झालं. संस्थेच्या म्युझिक टीचर तर इतक्या खूश की लगेच सुरू करा म्हणाल्या.

रेट मी असा काढतो. दुकानाचं भाडं, वीज, ब्लेडची धार, हेल्परचा पगार आणि माझा स्वतःचा पगार (हा बरेच जण धरतच नाहीत, वर उरेल ते आपलं म्हणतात, आणि उरत काहीच नाही) मिळून महिन्याला ७८ हजार होतात. प्रत्यक्ष बाकावर काम होतं ते महिन्याला १३० तास, बाकीचा वेळ लाकूड आणणं, फोन, गिऱ्हाइकाचा चहा यात जातो. म्हणजे तासाला ६०० रुपये. या कामाला ६२ तास धरले, त्याचे ३७,२००. लाकूड आणि व्हिनिअर ९,८००, पॉलिश ५,०००, आणि पायासाठी लेथची मांडणी अन् साचा ३,०००. एकूण ५५ हजार. कोटेशन दिलं आणि घरी आलो.

मग सुरू झालं.

अकाउंट्समधून मॅडमचा फोन, "दादा, तुम्ही युनिट लिहिलंच नाही." म्हटलं कसलं युनिट? तर त्यांच्या फॉर्मला रकाने असतात, वर्णन, युनिट, संख्या, दर, रक्कम. फर्निचर म्हटलं की युनिट स्क्वेअर फूट, कारण आजवर त्यांनी केलेली कपाटं, बाकं, स्टेजचं पॅनेलिंग सगळं स्क्वेअर फुटावरच झालेलं. मी म्हटलं हे फर्निचर नाही, दुरुस्ती आहे. त्या म्हणाल्या दुरुस्तीच्या खर्चाचा हेड वेगळा, त्याला वरून मंजुरी लागते, आणि ती देणारे साहेब रजेवर. साहेब आले तर म्हणाले आधी तीन कोटेशनं कुठायत? पुण्यात पियानोचं लाकूडकाम करणारे तीन सुतार आणायचे कुठून? पण नियम म्हणजे नियम, त्यांनी त्यांच्या नेहमीच्या फर्निचरवाल्याकडून एक मागवलं. त्यानं पियानो न बघता फोटोवरून २२ स्क्वेअर फूट मोजले, प्लायवर लॅमिनेट, रेट १,४००, म्हणजे ३०,८००. आणि खाली लिहिलं, पाय फ्री.

पाय फ्री! कातीव पाय, लेथवर चढवून दुसऱ्या पायाशी तंतोतंत जुळवायचा, तो फ्री.

आता साहेबांसमोर दोन कागद, एक ३०,८००चा आणि एक ५५,०००चा, आणि मला विचारतात की दादा, एवढा फरक कसा? बाहेर बाकावर बसून बसून माझा आधीच संयम संपलेला, पण म्युझिक टीचरांकडे बघून गप्प राहिलो आणि त्यांना उठवून पियानोपाशीच घेऊन गेलो. खालचं पॅनल काढून दाखवलं. म्हटलं ही खालची फळी बघा, मोजाल तर जेमतेम पाच स्क्वेअर फूट, पण पेडलची सगळी यंत्रणा हिच्यावर बसते. पेडल दाबलं की फळीच वाकली तर पेडलची दांडी पुरती वर जाणार नाही आणि सूर पाहिजे तेव्हा घुमत राहणार नाही. स्क्रूचं प्रत्येक भोक जुन्या फळीवरून उतरवायचं, आणि जुनी फळी वाळवीनं चाळण झालेली, तिच्यावरच्या धुळीच्या खुणा वाचत बसायचं. मग वरचं पॅनल हातानं दाबून अंकलना एक सूर वाजवायला लावला. हात काढला की खर्र आवाज, दाबला की बंद. म्हटलं साहेब, पॅनल सैल बसलं तर पियानो असा बोलतो. नुसतं बसवून चालत नाही, फेल्टच्या पट्ट्या लावून, परत काढून, वाजवून बघून बसवावं लागतं. त्यात तास जातात आणि मी तासाचे पैसे लावलेत, फुटाचे नाही.

साहेबांना पटलं हो. पण फॉर्मला पटेना! मॅडम परत, "ते ठीक आहे दादा, पण युनिटमध्ये मी लिहू काय?" मी म्हटलं तास लिहा. तास चालत नाही, तास म्हणजे मजुरी, मजुरीला हजेरीपत्रक लागतं. शेवटी त्यांच्याच शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "नग लिहा की. खालची फळी एक नग, पाय एक नग, पॅनल दोन नग." झालं! कुणालाही आधी सुचू शकलं असतं, मलासुद्धा, पण आम्ही सगळे फुटातच अडकलेलो. पॉलिश आणि साचा चारी नगांत वाटून मी नवीन कागद दिला, रक्कम तीच ५५ हजार, एक रुपया कमी केला नाही. आणि याचा मला अजून अभिमान आहे, कारण साहेबांनी "पन्नास करा" म्हणून बघितलं होतं. मी म्हटलं पन्नास करतो, एक पॅनल कमी करतो, कुठलं ते तुम्ही सांगा.

तेव्हा संस्थेचं काम असेल तर पहिल्याच कागदावर नग लिहा, आणि प्रत्येक नगासमोर एक ओळ, यात काय काय आलं. ट्यूनरकडून साध्या कागदावर चार ओळी घ्या की हे काम प्लाय-लॅमिनेटनं होणार नाही, ते पत्र फाईलला लागलं की साहेबांनाही सही करायला आधार मिळतो.

व्हिनिअरचं एक सांगायचं राहिलं. जुन्या पियानोचं व्हिनिअर जाड असतं, आज बाजारात मिळतं ते पातळ, त्यामुळे तुकडा जोडला तर तो खाली बसतो आणि लेव्हल जुळवायला खालून भर द्यावी लागते. शिवाय लागतं हातभर आणि विकत घ्यावा लागतो पूर्ण शीट. पैसे पूर्ण शीटचे लावा, उरलेलं गिऱ्हाइकाला देऊन टाका. लाकडातही घट धरा. मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुनं, वाड्यातून निघालेलं सागवान निवडून घेतो, ते आधीच चांगलं वाळलेलं असतं, पण खिळ्यांची भोकं आणि भेगा टाळता टाळता तिसरा हिस्सा तरी वाया जातो.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, रेट द्यायच्या आधी ट्यूनरला आतल्या, तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या तपासायला लावा. खुंट्या सैल असतील, सूर धरतच नसतील, तर बाहेरून ५५ हजारांचं लाकूड लावून उपयोग नाही, गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा. काम गेलं तर जाऊ दे.

चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशचं काम पावसाळ्यात घेऊ नका, दमट हवेत पांढरट पडतं आणि परत करावं लागतं, त्याचे पैसे कोण देणार? घ्यावंच लागलं तर तारीख लिहून देऊ नका. उघडल्यावर आत जास्त खराबी निघू शकते, म्हणून मी आता लिहूनच ठेवतो की १५ टक्क्यांपर्यंत वाढ होईल, त्यापुढे काम थांबवून फोटो पाठवणार आणि होकार आल्याशिवाय हात लावणार नाही. ने-आण वेगळी, ती माझ्या रेटमध्ये नाही. उभा पियानो दोनशे किलोच्या पुढे जातो आणि हमाल हमखास पुढच्या पायांना धरून ओढतात, हा पाय तसाच तर मोडला होता. कुणी वाजवायच्या जुन्या पट्ट्यांना हस्तिदंत लावून द्या म्हणालं तर सरळ नाही म्हणा, वन्यजीव कायद्यानं त्याची खरेदी-विक्रीच बंद आहे, ॲक्रिलिक लावतात आता.

अर्धे पैसे आगाऊ मागितले होते, संस्था देत नाही म्हणाली, तेव्हा निदान लाकडाचे तरी द्या म्हणून ९,८०० काढून घेतले. बाकीचे काम झाल्यावर आले, टीडीएस कापून. आता नुसतं बघायला जायचेही मी १,५०० घेतो, काम मिळालं तर बिलातून वळते करतो. "बघायचे पण पैसे?" म्हणून काही जण फोन ठेवून देतात. ठेवू देत.